उचकी आणि आठवण

गेल्या महिन्यात छातीत कफ झाला म्हणून डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिल्या. पहिल्याच रात्री उचक्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आमच्या सौ.ने लगेच नावे घ्यायला सुरुवात केली. नाशिकच्या वन्सं आठवण काढत असतील, की धाकटी नात? चिमूटभर साखर झाली, पाणी झाले, श्वास रोखून झाला. उचकी आपली चालूच.

उचकी सगळीकडे थट्टेचाच विषय. सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोने 'सिम्पोझियम' लिहिले. त्यातल्या मेजवानीत ऐन भाषणाच्या वेळी नाटककार ॲरिस्टोफेनिसला उचकी लागते. शेजारी बसलेला वैद्य सांगतो, श्वास रोख, गुळण्या कर, नाहीच थांबली तर नाकाला गुदगुल्या करून शिंक काढ. शेवटी शिंकेनेच ती थांबते.

चरकसंहितेने मात्र हा विषय हसण्यावारी नेलेला नाही. चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास या दोन रोगांसाठी एक अख्खा अध्याय आहे. उचकीचे पाच प्रकार सांगितलेत: महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा. जेवताना लागणारी अन्नजा साधी. महाहिक्का आणि गंभीरा जिवावर बेतणाऱ्या. म्हणजे उचकी लागली एवढे पुरेसे नाही, ती कोणती हे विचारायचे.

आम्ही एकदा ते विचारले नाही. आमच्या अण्णांना, थोरल्या बंधूंना, तीन दिवस उचक्या लागल्या होत्या. आम्ही सगळे भोवती बसून नावे घेत होतो, हसत होतो. अण्णाही हसत होते. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेले तेव्हा कळले, मूत्रपिंडे निकामी झाली होती. रक्तात साचलेल्या विषाने त्या उचक्या लागल्या होत्या. अण्णा परत आले नाहीत. ते हसणे अजून सलते.

म्हणून या वेळी तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, या औषधाने क्वचित उचक्या लागतात, पण आधी रक्त तपासू. तपासणी ठीक आली. त्यांनी गोळी बदलली आणि दुसऱ्या दिवशी उचकी थांबली. मनाने औषध बंद केले नाहीत हे बरे केलेत, असेही म्हणाले.

तेव्हा मंडळी, पहिल्या दिवशी खुशाल नावे घ्या. दोन दिवसांपुढे उचकी टिकली तर मात्र डॉक्टरांना सांगा, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही सांगा.

बाकी, माझी आठवण आलीच तर सरळ फोन करावा.