सेवा आणि मोल : वृद्धांच्या उशाशी बसणाऱ्या माणसांचा इतिहास

‘आया’ आणि ‘पगार’ हे दोन शब्द आज कोणाही मराठी माणसाला परके वाटत नाहीत. दोन्ही शब्द पोर्तुगीजांच्या सहवासातून आपल्या भाषेत आले. पोर्तुगीज घरात मुलांना सांभाळणाऱ्या बाईला जे नाव होते, तेच हिंदुस्थानात रुळले आणि पुढे रुग्णालयात व घरात आजाऱ्यांचे अंग पुसणाऱ्या बाईलाही लावले गेले. ‘मोलकरीण’ हा शब्द मात्र आपला. त्याच्या मुळाशी ‘मोल’ आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. आज नाशिकमध्ये आईवडिलांच्या देखभालीसाठी बाई किंवा माणूस ठेवणाऱ्या घरांची संख्या वाढत आहे आणि ‘परक्या माणसाच्या हाती आईबाप सोपवले’ अशी बोचणी अनेक मुलांच्या मनाला लागते. म्हणून मोल देऊन सेवा घेण्याच्या या रीतीचा इतिहास पाहणे उपयोगाचे होईल.

पूर्वी एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांची आबाळ होत नसे, असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ती सेवा प्रत्यक्षात कोणाच्या हातून होत होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सारे काही करीत होती ती घरची सून. आणि सुनेच्या जोडीला असे ती घरातली बालविधवा. कुणाची आत्या, कुणाची मावशी, कुणाची चुलतबहीण. दोन वेळचे जेवण आणि वर्षाची दोन लुगडी यांपलीकडे तिला काही मिळत नसे. तिच्या कष्टाला मोल नव्हते, म्हणून तिची गणना चाकरांत झाली नाही. आणि तिला हक्क नव्हता, म्हणून घरच्यांतही झाली नाही. ज्याला आपण कुटुंबाची माया म्हणतो, त्यातील फार मोठा भाग या मुक्या कष्टांचा होता.

गोदावरीकाठचे नाशिक हे क्षेत्राचे ठिकाण. उतारवयात येथे येऊन राहण्याची परंपरा जुनी आहे. पेशव्यांच्या घराण्यातील गोपिकाबाई उत्तरायुष्यात नाशिकजवळ गंगापूर येथे राहिल्या आणि १७८८ साली नाशिक येथे निवर्तल्या. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव हे तिचे तिन्ही कर्ते पुत्र तिच्या हयातीतच गेले होते. राज्य चालविणाऱ्या घराण्यातील मातेच्या अखेरच्या दिवसांत पोटचा मुलगा जवळ नव्हता. म्हातारपण आणि मुलांचा वियोग ही जोडी आजच्या नोकरीपेशाने किंवा परदेशगमनाने प्रथम जमवली, असे समजण्याचे कारण नाही.

पगारी माणसांनी आजाऱ्याची सेवा कशी केली, याचे एक विलक्षण उदाहरण नाशिकच्याच एका ख्रिस्ती वस्तीने जगाला दिले. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिक येथे शरणपूरची वस्ती उभारली. ही वस्ती आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंची. परंतु तिचा इतिहास साऱ्या नाशिकचा आहे. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे येथे आणली जात. त्यांना लिहिणेवाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. यांतील काही तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागात गेले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असाच येतो.

लिव्हिंग्स्टन तेव्हा साठीला टेकलेले, रक्तस्रावाने आणि तापाने खंगलेले होते. घरचे कोणी जवळ नव्हते. शेवटच्या आठवड्यांत त्यांना चालवेना, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांना डोलीत घालून चिखलातून आणि पाण्यातून वाहून नेले, त्यांच्यासाठी झोपडी बांधली आणि रात्री दाराशी जागत राहिले. मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबिया देशातील चितांबोच्या गावी, पहाटे ते बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले. तेथेच पुरून मोकळे होणे सोपे होते. परंतु सुसी आणि चुमा यांच्या पुढारीपणाखाली त्या माणसांनी हृदय तेथे झाडाखाली पुरले, देह वाळवून बांधला आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवून १८७४ च्या फेब्रुवारीत समुद्रकिनाऱ्यावर आणला. झाडाखालच्या त्या दफनविधीच्या वेळी प्रार्थना वाचली ती शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तो होता.

या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. बाकीच्या बहुतेकांना मजुरी चुकती करून रजा देण्यात आली. पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांच्या निष्ठेचा गौरव करणारी साठ रौप्यपदके पाडली. परंतु तोवर पुष्कळजण पांगले होते. जेकब वेनराइट १८९२ साली आफ्रिकेतच, फारशी कोणाला खबर न लागता, मरण पावला. हे सारे पगारी नोकर होते. पगारामुळे त्यांच्या सेवेत उणेपणा आला नाही. उणेपणा आला तो सेवा घेणाऱ्यांच्या आठवणीत. घरी ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत हा अनुभव पुढेही पुन्हा पुन्हा येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात एक मोठा पालट सुरू झाला. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. जी विधवा घरात फुकट राबत होती, तिच्या हातातील कौशल्याला प्रथमच शिक्षण, प्रमाणपत्र आणि वेतन मिळाले. परक्या पुरुषांचे अंग पुसणे हे कुलवंत स्त्रीचे काम नव्हे, अशी ओरड झाली. मिशनच्या रुग्णालयांतून तर आपल्या ख्रिस्ती मुलींनी आधीपासूनच हे काम पत्करले होते. मात्र परिचारिका रुग्णालयात गेली; घरातल्या खाटेपाशी बसणारी बाई होती तेथेच राहिली. तिला शिक्षण नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, सुटीचा दिवस नाही. एकाच कामाच्या दोन वाटा झाल्या आणि त्यांतील एकीवरच दिवे लागले.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या दुसऱ्या वाटेवरची एक स्त्री संतपदाला पोहोचली आहे. जान ज्युगान ही फ्रान्समधील कांकाल या मासेमारीच्या गावची कन्या. ती १७९२ साली जन्मली. तिने प्रथम घरकाम केले, मग रुग्णालयात शुश्रूषा केली आणि पुढे एका प्रौढ स्त्रीच्या घरी बारा वर्षे चाकरी केली. म्हणजे घरी ठेवलेली बाई या नात्याचा तिला पुरा अनुभव होता. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका अंध, अर्धांगवायू झालेल्या निराधार वृद्धेला घरी आणून आपल्या स्वतःच्या बिछान्यावर निजवले. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ ही धर्मभगिनींची संस्था उभी राहिली. १८८२ साली तिच्या भगिनी कोलकात्यास आल्या. मुंबईत अंधेरी येथेही त्यांचे वृद्धाश्रमाचे कार्य आहे. ११ ऑक्टोबर २००९ रोजी जान ज्युगान हिला संत म्हणून घोषित करण्यात आले. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी तिने घर निर्माण केले. परंतु ज्यांना घर आहे आणि घरात कोणी नाही, अशा आईबापांचा प्रश्न तिच्या काळी आजच्याएवढा मोठा नव्हता.

नाशिकमध्ये तो कसा मोठा झाला, हे शहराच्या वाढीवरून ध्यानात येते. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाला. देवळालीची लष्करी छावणी होतीच. साठच्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना आणि सातपूरला औद्योगिक वसाहत आली. बाहेरगावाहून येथे पोट भरण्यास आलेल्यांत आपली कॅथोलिक कुटुंबेही होती. मिशनच्या खेड्यातून निघालेली, शिकलेली, सरकारी नोकरीत स्थिरावलेली ही पिढी. आपल्या धर्मग्रामांचा कणा तीच होती. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि बिशप थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले, तेव्हा ही पिढी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आली होती. मुले पुण्यामुंबईला, आखातात आणि त्याहून दूर गेली. सुना नोकरी करू लागल्या. वाड्याची जागा दोन खोल्यांच्या सदनिकेने घेतली. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के भरली. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते.

या गरजेतून ‘बारा तासांची बाई’ आणि ‘चोवीस तासांची बाई’ ही नवी भाषा घराघरांत आली. माणसे पुरविणारे ब्यूरो निघाले. घरचे लोक ब्यूरोला पैसे देतात, ब्यूरो आपला हिस्सा काढून बाईला देतो. बाईच्या हाती किती पडले हे पुष्कळदा घरच्यांना ठाऊक नसते. लघवीची पिशवी बदलणे, कूस पालटून पाठीला जखमा होऊ न देणे, साखरेच्या गोळ्यांची वेळ सांभाळणे ही जोखमीची कामे ती पाहून पाहून शिकते. शिवाय ‘जरा पोळ्याही कर’ असे सांगितले जाते. तिला आपण ‘मावशी’ म्हणतो आणि पुरुष असेल तर ‘मामा’. जुन्या घरातल्या त्या विधवा मावशीचेच हे नाव. नाते सांगायचे, पण नात्याचा हक्क द्यायचा नाही, हीही जुनीच रीत.

कायद्याचा इतिहास पाहिला तर दोन धारा दिसतात आणि त्या एकमेकींना मिळत नाहीत. पहिली धारा आईबापांची. १९५६ चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा आपल्याला लागू नाही. ख्रिस्ती आईबापांना मुलांकडून पोटगी मागण्याची स्पष्ट तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केली. हे कर्तव्य विवाहित मुलीवरही आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तीतही ही तरतूद आहे. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरणे दिली आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्त्याची सोय केली.

दुसरी धारा सेवा करणाऱ्यांची. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. १९८५ साली बेल्जियमहून भारतात आलेल्या धर्मभगिनी जान डेव्होस यांनी राष्ट्रीय घरेलू कामगार चळवळीची स्थापना केली; मुंबई हे तिचे केंद्र झाले. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अनुमोदन दिले, पण तो अद्याप स्वीकारलेला नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरकामगार स्त्रीलाही संरक्षण दिले. घरकामगारांसाठी कायद्याची चौकट आखण्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला दिला.

या दोन धारा शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. आईबापांसाठी २००७ च्या कायद्याने दहा हजार रुपयांची मर्यादा घातली, ती दरमहाची. राज्याच्या मंडळाकडे नोंदणी झालेल्या आणि वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या घरेलू कामगाराला ‘सन्मानधन’ म्हणून मिळणारी रक्कमही दहा हजारच. पण ती एकदाच.

सिराखच्या बोधग्रंथातील सातव्या अध्यायात बापाचा मनापासून मान राखावा, आईच्या प्रसूतिवेदना विसरू नयेत, असा उपदेश आहे. आणि त्याच अध्यायात निष्ठेने राबणाऱ्या मजुराला दुखवू नये असेही बजावले आहे. शास्त्रकर्त्याने ही दोन कर्तव्ये एकाच श्वासात सांगितली. आपण त्यांची ताटातूट केली. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचे तत्त्व कारखान्यातील कामगारांच्या संदर्भात मांडले. ते आपल्या आतल्या खोलीत अजून पुरते पोहोचलेले नाही.

आईवडिलांसाठी माणूस ठेवणे ही चौथ्या आज्ञेतून पळवाट नव्हे. पळवाट होते ती माणूस ठेवून आपण सुटलो असे मानल्याने. मुलाने किंवा मुलीने बाईची कामे आणि तास लिहून ठरवावेत, आठवड्याची सुटी द्यावी आणि त्या दिवशी उशाशी स्वतः बसावे. ब्यूरोकडून तिच्या हाती काय पडते याची चौकशी करावी आणि मंडळाकडे तिची नोंद झाली आहे की नाही हे पाहावे. धर्मग्रामातील परिचारिका भगिनींनी अशा बायकांना कूस पालटण्याचे, जखम ओळखण्याचे चार धडे दिले, तर रुग्णालय आणि घर यांमधले शंभर वर्षांचे अंतर थोडे तरी कमी होईल.

‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. म्हाताऱ्या माणसाला औषधाइतकीच या ऐकण्याची भूक असते आणि पुष्कळ घरांत ती भागवते ती पगारी मावशीच. आपल्या आईने शेवटच्या दिवसांत काय सांगितले, हे कित्येक मुलांना तिच्याकडूनच कळते. ती स्वतः साठीची होऊन अंथरुणाला खिळेल, तेव्हा तिच्या उशाशी कोण बसणार, हा प्रश्न आज तिच्या सेवेवर विसंबलेल्या प्रत्येक घराने स्वतःला विचारावयास हवा.