क्रुसावरची अक्षरे आणि केडगावचे बायबल

गेल्या हिवाळ्यात एका इंग्रजी निबंधाचा मराठी अनुवाद करत असताना मी पहिल्याच पानावर अडले. शब्द होता ‘थिऑलॉजी’. कोशात ‘धर्मशास्त्र’ सापडतो, पण मराठी वाचकाला धर्मशास्त्र म्हटले की मनू, याज्ञवल्क्य आणि प्रायश्चित्ते आठवतात. ‘ईश्वरविज्ञान’ हा शब्दही आहे, पण चर्चच्या वर्तुळाबाहेर तो फारसा कुणी वापरत नाही. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. आमच्या ब्लॉकमध्ये नगर जिल्ह्यातून आलेल्या एक ख्रिस्ती काकू आहेत. त्यांना विचारले, “काकू, तुम्ही थिऑलॉजीला काय म्हणता?” त्या हसून म्हणाल्या, “अगं, ते पाळकसाहेबांचं काम. आम्ही नुसतं शास्त्र वाचतो.” त्यांच्या बोलण्यात शास्त्र म्हणजे पवित्र शास्त्र, म्हणजेच बायबल.

काकूंच्या उत्तराने माझा शब्द सुटला नाही, पण देवाबद्दल विचार कुणी करायचा आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न समोर आला. मराठीत तो फार जुना आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा ख्रिस्ताची कथा पुराणाच्या घाटात बसवण्याचा निर्णय हाच एक ईश्वरविज्ञानाचा निर्णय होता. परंतु या प्रश्नाशी जिने सगळे आयुष्य झुंज दिली, ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी पत्नीला आणि मग मुलीलाही संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायपीट करत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे विवाह, वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, आणि १८८३ मध्ये इंग्लंड. तिथे वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनीसंघात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या विचारांना वळण देणाऱ्यांत नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा वाटा मोठा होता. गोरे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले आणि षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिलेले. एका पंडिताने दुसऱ्या पंडितेला युक्तिवादाने पटवावे, अशी ही गोष्ट होती.

पण पंडिता एकदा पटली म्हणून गप्प बसणारी नव्हती. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो वाचताना आपण एखादी शास्त्रचर्चाच ऐकतो आहोत असे वाटते. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना तेव्हा मान्य होत नव्हता. तो न मानणाऱ्याला शाप देणारा अथनेशियन मतांगीकार म्हणायला त्या तयार नव्हत्या. चर्च सांगते म्हणून मान, हा आग्रह त्यांना ओळखीचा वाटला. भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसरे चढवून घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर भारतातल्या बिशपांनी नापसंती कळवली, तेव्हाही त्या उसळल्या. जेराल्डिनला यात अहंकार दिसला. आजच्या वाचकाला तसा दिसेलच असे नाही, पण जेराल्डिनची काळजीही खोटी नव्हती. श्रद्धा ही एकट्याने जुळवायची गोष्ट नाही, ती पिढ्यांकडून स्वीकारायची असते, असे ती मनापासून मानत होती.

याच पत्रांमध्ये क्रुसाचा प्रसंग येतो. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, अशी पद्धत होती. रमाबाईंनी त्याला नकार दिला. लॅटिन आपल्या लोकांना कळत नाही आणि ती आपली भाषाही नव्हे. क्रूस घालायचाच असेल तर त्यावर संस्कृत अक्षरे हवीत. संस्कृत ही देववाणी म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा म्हणून. धर्म बदलला तरी देश आणि भाषा बदलायची नाही, हे त्यांनी या छोट्या हट्टातून ठामपणे सांगितले.

आता वीस-पंचवीस वर्षे पुढे यावे. मधल्या काळात अमेरिकेचा प्रवास झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढच्या वर्षी पुण्यात हलले. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. या दरम्यान रमाबाईंच्या श्रद्धेतही बदल झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. मुक्ती सदन उभे राहिले. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन. ‘कृपा’ हा ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातला मधोमधचा शब्द. केडगावला तो एका घराच्या दारावर आला.

याच केडगावात रमाबाईंनी बायबलचा स्वतंत्र मराठी अनुवाद हाती घेतला. मराठी बायबल आधीपासून होते, पण त्यांच्या मते त्याची भाषा संस्कृतप्रचुर होती आणि त्यातल्या कित्येक शब्दांना वेदान्ताचे आणि पुराणांचे अर्थ चिकटलेले होते. अनुवाद दुसऱ्या अनुवादावरून करायचा नाही म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. उतारवयात ही विदुषी पुन्हा विद्यार्थिनी झाली. छापखाना मुक्ती सदनाचाच. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पाने बांधणाऱ्या तिथल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

अनुवादक म्हणून मला इथे थबकायला होते. तरुणपणी जिने क्रुसावर संस्कृत मागितले, तिनेच उतारवयात बायबलातले संस्कृत उपसून काढले. हा विरोध म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. दोन्ही वेळा तक्रार एकच आहे: अक्षरे वाचणाऱ्याला कळत नाहीत. वाँटेजमध्ये वाचणारी त्या स्वतः होत्या, म्हणून उत्तर संस्कृत आले. केडगावात वाचणारी होती नुकती अक्षर ओळखू लागलेली खेड्यातली मुलगी, आणि तिच्यासाठी संस्कृतही लॅटिनइतकेच परके होते. वाचक बदलला तसे उत्तर बदलले. आणि हा बदल पुस्तकांतून झालेला नाही. तो दुष्काळातून आणलेल्या मुलींमध्ये राहून झाला. सेवेने ईश्वरविज्ञानाला भाषा शिकवली, असे मी म्हणेन.

अर्थात हे काम निर्दोष नव्हते. शब्दांना चिकटलेला अर्थ पूर्ण पुसता येत नाही. रमाबाईंनी संस्थेला दिलेले ‘मुक्ती’ हे नावच मोक्षविचारातून आलेले. शिवाय एकटीने केलेल्या अनुवादाला चर्चचा व्यासपीठावरचा मान मिळाला नाही. मराठी मंडळ्यांत दुसरी भाषांतरे रुळली आणि रमाबाईंचे बायबल बहुतेकांना नावानेच माहीत राहिले. त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक अगदी उलट वाटेने गेले. त्यांनी अभंग आणि ओवी जवळ केली. वारकऱ्यांचे शब्द गाळले नाहीत, त्यांतच ख्रिस्ताला हाक मारली. ती गीते आजही चर्चमध्ये गायली जातात. लोकांच्या ओठांवर कोण राहिले एवढेच मोजायचे, तर टिळक जिंकले. पण टिळकांच्या वाचकाला अभंग आधीच पाठ होता. रमाबाईंच्या वाचकाच्या हातात पहिल्यांदाच पुस्तक पडत होते.

परवा काकूंना ही हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे ज्या बायकांनी छापलं, त्यांना ते वाचताही येत होतं?” येत होते, म्हटले, तिथे आधी वाचायलाच शिकवत. “मग झालं की,” त्या म्हणाल्या. माझ्या अनुवादात ‘थिऑलॉजी’साठी मी शेवटी ‘देवाविषयीचा विचार’ असे लिहिले आहे. संपादकांना ते सैल वाटते. मी अजून बदललेले नाही.