ध्वनिमुद्रण : इतिहासाचे एक साधन (दिनू लिपात्ती यांच्या शोपाँवादनाच्या संदर्भात)

इतिहासलेखनात लिखित कागदपत्रांना जे स्थान आहे, ते ध्वनिमुद्रणास अद्याप पुरेसे लाभलेले नाही. विसाव्या शतकातील संगीताच्या इतिहासाचे मात्र ते प्राथमिक साधन होय. तथापि या साधनाची विश्वसनीयता कितपत मानावी? रुमानियन पियानोवादक दिनू लिपात्ती (१९१७-१९५०) यांच्या शोपाँवादनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

बुखारेस्ट येथे जन्मलेल्या लिपात्तींनी पॅरिस येथे आल्फ्रेड कोर्तो यांच्याकडे शिक्षण घेतले. पुढे त्यांना हॉजकिन्स हा लसिका ग्रंथींचा कर्करोग जडला. १९५० च्या उन्हाळ्यात कॉर्टिझोन या त्या काळी नव्या असलेल्या औषधाने त्यांना तात्पुरता आराम पडला. ही संधी साधून निर्माते वॉल्टर लेग यांनी जुलैमध्ये जिनिव्हा येथे त्यांच्याकडून शोपाँच्या १४ वॉल्ट्झ रचना ध्वनिमुद्रित करून घेतल्या. १६ सप्टेंबर रोजी फ्रान्समधील बेझांसाँ येथील अखेरच्या मैफलीत त्यांनी याच रचना पुन्हा वाजविल्या. परंतु १३ रचनांनंतर त्यांची शक्ती संपली. २ डिसेंबर रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एकाच वादकाची, त्याच रचनांची, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने झालेली ही दोन मुद्रणे परस्परपूरक आहेत. जिनिव्हा येथील मुद्रण परिपूर्ण आहे. पण केवळ ते ऐकून वादकाच्या आजाराची कल्पना येत नाही. बेझांसाँचे मुद्रण अपूर्ण आहे आणि ही अपूर्णताच ऐतिहासिक पुरावा ठरते. मात्र चौदावी रचना का राहिली, हे ध्वनिफीत सांगत नाही. ते उपस्थितांच्या साक्षीवरूनच कळते. थोड्या विश्रांतीनंतर लिपात्तींनी बाखची एक भक्तिरचना वाजवून मैफल संपविली, असे या साक्षी सांगतात. उपलब्ध मुद्रणात ती नाही.

ध्वनिमुद्रिकेवरील नावही तपासून घ्यावे लागते. लिपात्तींच्या नावे प्रसिद्ध झालेली शोपाँच्या ई मायनर कॉन्चेर्तोची ध्वनिमुद्रिका वस्तुतः पोलिश वादक हलिना चेर्नी-स्तेफान्स्का यांची असल्याचे १९८१ मध्ये उघडकीस आले. तोपर्यंत अनेक वर्षे रसिकांनी व समीक्षकांनी ती लिपात्तींचीच म्हणून ऐकली होती. श्रवणावर नावाचा प्रभाव किती खोल असतो, हे यावरून स्पष्ट होते.

सारांश, ध्वनिमुद्रण नाद जतन करते, परंतु त्यामागील परिस्थिती व कर्तृत्व यांची ग्वाही ते स्वतः देऊ शकत नाही. म्हणूनच दस्तऐवजांप्रमाणे ध्वनिमुद्रणालाही बाह्य व अंतर्गत चिकित्सेच्या कसोट्या लावणे आवश्यक ठरते.