जुना लिनक्स संगणक पुन्हा कामात कसा आणावा?

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे आणि केळीच्या व्यापाराचे शहर. जळगाव जिल्ह्याला लागून असल्याने तेथील अनेक घरांत मराठी बोलली जाते. अशा शहरांतील पेढ्यांत, शाळांत आणि घरांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक सहज आढळतात. त्यांतील हार्ड डिस्कवर जुने हिशेब आणि छायाचित्रे असतात. म्हणून यंत्र भंगारात देण्यापूर्वी ते तपासून पाहणे शहाणपणाचे ठरते. गोव्यातही ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशातून आलेले वापरलेले संगणक आणि लिनक्स यांच्या आधारे अनेक शाळांपर्यंत संगणक पोहोचवले होते.

आधी तपासणी

प्रथम धूळ काढावी व पंखा फिरतो का ते पाहावे. घड्याळ वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ‘सीआर 2032’ बॅटरी बदलावी. तारीख चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो.

यंत्र सुरू होताच सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतरच पुढील प्रयोग करावेत. मेमरी दोन जीबीहून कमी असल्यास ती वाढवावी. शक्य असल्यास जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. वेगातील सर्वांत मोठा फरक बहुधा यानेच पडतो.

कोणती आवृत्ती?

‘एलएससीपीयू’ ही आज्ञा प्रोसेसर 32 बिटचा आहे की 64 बिटचा, हे सांगते. हा भेद निर्णायक आहे. जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 मध्ये 32 बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर होता. ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 मध्ये तो नाही. 64 बिट यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा.

संगणकावर आधीपासूनच जुने लिनक्स असेल, तर ‘एपीटी अपडेट’ देताच त्रुटी दिसू शकते. मुदत संपलेल्या आवृत्त्यांची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून काढून संग्रहात हलवली जातात, हे त्यामागील कारण. पुढील आवृत्तीवर जाताना मधली एकही गाळू नये. अंतर फार असल्यास प्रत घेऊन नव्याने स्थापना करणेच सोपे.

पहिल्या आज्ञा

‘पीडब्ल्यूडी’ आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते दाखवते, ‘एलएस’ तेथील फायलींची यादी देते आणि ‘सीडी’ने जागा बदलते. ‘सीपी’ प्रत करते, ‘एमव्ही’ हलवते. ‘फ्री’ मेमरीचा, तर ‘डीएफ’ डिस्कवरील मोकळ्या जागेचा हिशेब देते. एखादी आज्ञा न उमगल्यास तिच्या नावाआधी ‘मॅन’ लिहावे. तिची माहितीपुस्तिका उघडते. ‘आरएम’ने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही, ती थेट नाहीशी होते. ‘सुडो’ जोडल्यास संपूर्ण यंत्रावर अधिकार मिळतो. म्हणून या दोन्ही आज्ञा देताना एन्टर दाबण्यापूर्वी ओळ पुन्हा वाचावी.

या आज्ञांचे खरे बळ त्या एकमेकींना जोडण्यात आहे. बुऱ्हाणपूरच्या मुघलकालीन कुंडी भंडाऱ्यात सातपुड्यातून झिरपलेले पाणी भूमिगत मार्गाने एका कुंडीतून दुसरीकडे केवळ उताराने वाहत शहरापर्यंत येई. युनिक्समधील ‘पाइप’ची कल्पना अशीच आहे. डग मॅक्इलरॉय यांनी ती मांडली आणि 1973 मध्ये केन थॉम्पसन यांनी ती प्रत्यक्षात आणली. उभी रेघ दिल्यास एका आज्ञेचे उत्तर पुढच्या आज्ञेकडे जाते. ‘एलएस’नंतर उभी रेघ आणि मग ‘ग्रेप’सह ‘हिशेब’ असे लिहिल्यास, शेकडो फायलींमधून नावात ‘हिशेब’ असलेल्याच दिसतात.

सारे उपाय करूनही यंत्र चालले नाही, तर डिस्कवरील माहिती पूर्ण पुसावी आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत.