चोपण जमीन ते लिथियम शोषके : शिरूर-दौंडच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : क्षारजलातून लिथियम वेगळे करणारी शोषके आधुनिक मानली जातात, तथापि त्यांमागील आयन-विनिमयाचे तत्त्व प्रथम शेतजमिनीत आढळले. माती अमोनिया धरून ठेवते व मोबदल्यात चुना सोडते, हे इंग्लंडमध्ये थॉम्पसन व वे यांनी १८५० च्या सुमारास दाखवून दिले.

विवेचन : शिरूर व दौंड तालुक्यांतील काळी माती बेसॉल्टपासून बनलेली आहे. कालव्याच्या पाण्याचा निचरा न झाल्यास अशा मातीत सोडियम हा कॅल्शियमची जागा घेतो व जमीन चोपण होते. शेजारच्या नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला. जिप्सम घालून हाच विनिमय उलटविता येतो. लिथियमचा आयन मात्र पाण्याचे दाट वेष्टन घेऊन वावरत असल्याने माती त्याला प्राधान्य देत नाही. त्यासाठी नेमक्या मापाच्या पोकळ्या असलेली मँगनीज ऑक्साइडची 'आयन-चाळणी' योजली जाते. ती आम्लाने धुतली असता लिथियम सुटते. परंतु थोडे मँगनीजही विरघळून चाळणी झिजते.

निष्कर्ष : जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या 'काबिल' कंपनीने अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतातील पाच क्षेत्रांसाठी करार केला. लिथियम काढून उरलेल्या क्षारजलाचे काय करावयाचे, हा प्रश्न तेथेही टळणारा नाही. निचऱ्याविना पाणी आणले की जमीन नासते, हा चोपण जमिनीचा धडा म्हणूनच आजही उपयुक्त ठरतो.