वाहिनी बंद का पडते? प्रसारक आणि वितरकांमधील करारवादाची पार्श्वभूमी

नवी दिल्ली : दूरचित्रवाणी संचावरील एखादी वाहिनी अचानक दिसेनाशी होते, तेव्हा ग्राहक प्रथम केबलचालकाला दूरध्वनी करतो. अनेकदा मात्र दोष तारेत किंवा सेट टॉप बॉक्समध्ये नसून वाहिनीचा मालक असलेला प्रसारक आणि ती घरापर्यंत पोहोचविणारा वितरक यांच्यातील करारात असतो. जुना करार संपतो, नव्या कराराच्या दरावर एकमत होत नाही आणि सिग्नल थांबविले जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातील केबल ग्राहकांनी याचा सर्वांत मोठा अनुभव घेतला. डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तीन समूहांनी अखिल भारतीय डिजिटल केबल महासंघाच्या सदस्य कंपन्यांना सिग्नल देणे बंद केले. महासंघाच्या दाव्यानुसार सुमारे साडेचार कोटी कुटुंबांना त्याची झळ बसली.

पैशाची वाटणी

सशुल्क वाहिनीचा प्रवास तीन टप्प्यांचा असतो. प्रसारक कार्यक्रम तयार करतो किंवा विकत घेतो आणि वाहिनीची कमाल किरकोळ किंमत ठरवितो. वितरक, म्हणजे मोठी केबल कंपनी किंवा डीटीएच कंपनी, अनेक वाहिन्या एकत्र करून पुढे पाठविते. केबलच्या बाबतीत शेवटचा दुवा स्थानिक केबलचालक असतो. घराघरांत जोडणी देणे, मासिक शुल्क गोळा करणे आणि तक्रारी ऐकणे ही कामे त्याच्याकडे असतात.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) नियमांनुसार वाहिनीच्या किमतीतील किमान २० टक्के रक्कम वितरण शुल्क म्हणून वितरकाला मिळते. याशिवाय प्रसारक त्याला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतो. १९ रुपयांच्या वाहिनीवर हे वितरण शुल्क ३ रुपये ८० पैसे होते. वितरक आणि केबलचालक यांच्यात वेगळी सहमती झाली नसेल, तर ही रक्कम ५५:४५ या प्रमाणात विभागली जाते. म्हणजे ग्राहकाच्या दारात उभ्या राहणाऱ्या केबलचालकाच्या वाट्याला १ रुपया ७१ पैसे येतात. ग्राहकाला या १९ रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून २२ रुपये ४२ पैसे द्यावे लागतात.

वादाचे मूळ

ॲनालॉग केबलच्या काळात वादाचा विषय ग्राहकसंख्या हा होता. एका तारेवर किती घरे आहेत, हे केबलचालक सांगेल तेवढेच प्रसारकाला कळत असे. ती संख्या कमी दाखविली जाते, असा प्रसारकांचा आक्षेप होता, तर प्रसारक मनमानी दरवाढ करतात, अशी केबलचालकांची तक्रार होती. जानेवारी २००४ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण आणि केबल सेवा ट्रायच्या कक्षेत आणल्या. प्राधिकरणाने २६ डिसेंबर २००३ रोजी असलेले दर गोठविले आणि त्याच वर्षी आंतरजोडणीचे विनियम काढून प्रसारकांना सर्व वितरकांना भेदभाव न करता सिग्नल देण्याचे बंधन घातले.

केबल दूरचित्रवाणी जाळे कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सेट टॉप बॉक्स अनिवार्य झाला. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीने महानगरांपासून सुरू झालेले डिजिटलीकरण चार टप्प्यांत २०१७ पर्यंत चालले. त्यामुळे ग्राहकसंख्या मोजता येऊ लागली आणि वाद थेट किमतीवर आला.

त्यावर उपाय म्हणून ट्रायने ३ मार्च २०१७ रोजी नवी दरप्रणाली अधिसूचित केली. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करावी, ग्राहकाने हव्या त्या वाहिन्या निवडाव्यात आणि १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी पॅकमध्ये घालू नये, असे तिचे सूत्र होते. स्टार समूहाने तिला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३० ऑक्टोबर २०१८ रोजी तेथे समूहाची याचिका फेटाळली गेली. प्रत्यक्ष अंमलबजावणी फेब्रुवारी २०१९ पासून झाली.

मराठी प्रेक्षकांसाठी ही प्रणाली एका अर्थाने सोयीची ठरली. इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथील मराठी कुटुंबाला वितरकाकडे उपलब्ध असलेली मराठी वाहिनी संपूर्ण पॅक न घेता सुटी घेण्याचा हक्क मिळाला. मात्र वितरकाचा करारच थांबला, की हा हक्कही निरुपयोगी ठरतो.

फेब्रुवारी २०२३ चा पेच

जानेवारी २०२० मध्ये ट्रायने पॅकमधील वाहिनीची किंमतमर्यादा १९ वरून १२ रुपयांवर आणली. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये या दुरुस्त्या बहुतांशी वैध ठरविल्या. तेव्हा प्रसारकांनी आपल्या लोकप्रिय वाहिन्या पॅकबाहेर काढून त्यांच्या किमती १२ रुपयांच्या वर ठेवण्याची तयारी केली. तसे झाले असते तर ग्राहकाचे देयक घटण्याऐवजी वाढले असते. अखेर २२ नोव्हेंबर २०२२ रोजी ट्रायने १९ रुपयांची मर्यादा पुन्हा लागू केली आणि पॅकवरील सवलत ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवली.

नवे दर १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू होणार होते. ते ग्राहकांना परवडणारे नाहीत, असे सांगत केबल महासंघाने केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्याच्या सदस्यांनी नवे करार करण्यास नकार दिला. लेखी कराराशिवाय सशुल्क वाहिनीचे सिग्नल देता येत नाहीत, हा प्रसारकांचा मुद्दा होता. नोटिशीची मुदत संपल्यावर १८ फेब्रुवारीला सिग्नल थांबले. दिल्लीत भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील दुसरी क्रिकेट कसोटी त्या वेळी सुरू होती आणि तिचे प्रक्षेपण हक्क स्टार समूहाकडे होते. मराठीतील स्टार प्रवाह, झी मराठी आणि सोनी मराठी या वाहिन्याही याच तीन समूहांच्या आहेत. डीटीएच कंपन्यांनी करार केलेले असल्याने त्यांचे ग्राहक सुटले. करार न केलेल्या केबल कंपन्यांपुढे ग्राहक डीटीएचकडे वळण्याचा धोका उभा राहिला. आठवडाभरात त्यांनी नव्या दरांचे करार केले आणि वाहिन्या परतल्या.

ग्राहकाचे स्थान

२०१७ च्या विनियमांनुसार एरवी सिग्नल तोडण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाला किमान तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. वितरकाने पंधरा दिवस आधी त्या वाहिनीवर पट्टी चालवून ग्राहकांना कळविणे बंधनकारक आहे. स्वतंत्रपणे घेतलेली वाहिनी बंद झाल्यास त्या तारखेपासून तिचे शुल्क आकारता येत नाही. प्रसारक आणि वितरक यांच्यातील तंटे दूरसंचार विवाद निवारण आणि अपील न्यायाधिकरणापुढे (टीडीसॅट) चालतात. एकट्या ग्राहकाची तक्रार मात्र या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही. त्याला ग्राहक मंचाकडे जावे लागते.

अमेरिकेत स्थानिक प्रसारण केंद्रांचे सिग्नल केबलवर दाखविण्यासाठी त्यांची संमती घेण्याची व्यवस्था १९९२ च्या कायद्याने केली. तेथे सरकार वाहिन्यांचे दर ठरवीत नाही. २०१३ मध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबल यांच्यातील वाद महिनाभर चालला. २०२३ मध्ये डिस्ने आणि चार्टर यांचा वाद ३१ ऑगस्टला सुरू होऊन ११ सप्टेंबरला, अमेरिकी फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या काही तास आधी मिटला. दरनियंत्रण असो वा नसो, लोकप्रिय खेळांच्या हंगामात सिग्नल तोडण्याचे सामर्थ्य हेच दोन्ही देशांत वाटाघाटीतील मुख्य हत्यार ठरले आहे.

भारतात आता या वाटाघाटीतील पक्षही बदलले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ने स्टार आणि व्हायकॉम १८ यांचे विलीनीकरण होऊन रिलायन्सच्या नियंत्रणाखालील जिओस्टार ही कंपनी आकाराला आली. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या वाहिन्या त्यामुळे एका छताखाली आल्या. हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांतही रिलायन्सचा बहुसंख्य हिस्सा आहे. म्हणजेच वाहिनी विकणारा आणि ती घरोघरी पोहोचविणारा, अशा दोन्ही बाजूंना एकच समूह आहे. छोट्या वितरकांना तोच दर आणि त्याच अटी मिळतात का, यावर नियामकाची नजर किती बारीक राहते, त्यावर पुढील करारवादांत ग्राहकाच्या पदरी काय पडेल हे अवलंबून राहील.