न झोपलेला पलंग : पाहुण्यांच्या खोलीची सुमारे साडेतीनशे वर्षांची कहाणी

१/
सोळाव्या शतकात इंग्लंडमधील एका दरबाऱ्याने देशातील अतिभव्य घरांत गणले जाईल असे एक घर बांधले आणि त्यात स्वतः आधी मुक्काम न करण्याचे ठरवले. त्या घरातील पहिली रात्र एका पाहुणीची असावी, अशी त्याची इच्छा होती. ती पाहुणी म्हणजे राणी एलिझाबेथ पहिली. पाहुण्यांच्या शयनगृहाचा इतिहास उलगडणारा हा धागा त्या घरापासून सुरू होतो.

२/
दरबाऱ्याचे नाव सर ख्रिस्तोफर हॅटन. उत्तम नाचत असल्यामुळे तो राणीच्या नजरेत भरला, अशी आख्यायिका आहे. पुढे तो तिच्या अंगरक्षक दलाचा कप्तान झाला आणि १५८७ साली लॉर्ड चॅन्सेलर या पदापर्यंत पोहोचला. नॉर्दॅम्प्टनशायरमधील होल्डन्बी या गावी त्याने दोन विस्तीर्ण चौकांचे घर उभारले. ते १५८३ साली पूर्ण झाले.

३/
१५८० मधील एका पत्रात हॅटनने होल्डन्बीला देवस्थानाची उपमा दिली आहे. ज्या देवतेसाठी ते उभारले, तिची पावले तेथे लागेपर्यंत आपणही ते पाहणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. दरबारी भाषेतील अतिशयोक्ती वगळली, तरी एक गोष्ट उरते. घराचे सर्वोत्तम दालन घरमालकासाठी नव्हतेच.

४/
आज पाहुण्यांची खोली म्हणजे घरातील जास्तीची खोली. त्या काळातील श्रीमंत इंग्रजी घरांत नेमके उलट होते. पाहुण्यांचे दालन हे घराचे शिखर असे. मोठे सभागृह, मग बैठकीचे दालन, मग शयनगृह आणि शेवटी एक छोटी खासगी खोली, अशी खोल्यांची ओळ असे. ज्याला जितके आत येऊ दिले जाई, तितका त्याचा मान मोठा.

५/
या खर्चामागे हिशेब होता. एलिझाबेथ राणी उन्हाळ्यात सारा दरबार घेऊन दौऱ्यावर निघे. ती ज्याच्या घरी उतरे, त्याला पद, जमीन, मक्तेदारी मिळण्याची आशा असे. लेस्टरच्या अर्लाने केनिलवर्थच्या किल्ल्यात तिच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधली. १५७५ च्या जुलैमध्ये तिचा तेथील मुक्काम १९ दिवस चालला. त्या मेजवान्यांची चर्चा पुढे कित्येक पिढ्या होत राहिली.

६/
गंमत अशी, की इतका खटाटोप करूनही राणी यजमानाच्या पलंगावर झोपेलच याचा भरवसा नसे. दौऱ्याच्या शेकडो गाड्यांत तिचे स्वतःचे बिछान्याचे सामानही असे. प्रवासी पलंग सांभाळण्यासाठी राजघराण्यात स्वतंत्र खातेच होते. यजमान सजवी ते आपल्या निष्ठेचे प्रदर्शन. पाहुणीची झोप हा त्यातील दुय्यम भाग.

७/
होल्डन्बीत राणी कधी मुक्कामास आल्याचे ज्ञात नाही. हॅटन १५९१ साली वारला, तेव्हा राजकोषाचे प्रचंड कर्ज त्याच्या डोक्यावर होते. पुढे ते घर राजा पहिला जेम्स याच्या काळात राजघराण्याने विकत घेतले. ज्या घराने राजपाहुण्याची वाट पाहिली, ते अखेरीस राजाच्याच मालकीचे झाले.

८/
आणि मग पाहुणा आला. फेब्रुवारी १६४७ मध्ये यादवी युद्ध हरलेल्या राजा पहिल्या चार्ल्सला संसदेने होल्डन्बीत आणून ठेवले, तेही कैदी म्हणून. सेवक होते, भोजन राजेशाही होते, शेजारच्या ऑलथॉर्पला जाऊन खेळण्याचीही मुभा होती. फक्त घर सोडण्याचे स्वातंत्र्य नव्हते.

९/
३ जून १६४७ च्या रात्री जॉर्ज जॉइस नावाचा एक कनिष्ठ लष्करी अधिकारी घोडेस्वार घेऊन तेथे पोहोचला आणि थेट राजाच्या शयनगृहाशी जाऊन भिडला. सकाळी राजाने विचारले, की मला नेण्याचा तुझा अधिकार कोणता? जॉइसने मागे उभ्या असलेल्या सैनिकांकडे बोट दाखवले. ज्या दालनाच्या दाराशी मानाच्या पायऱ्या ठरत, तेथे तलवारीने प्रवेश मिळवला होता. काही वर्षांतच घराचा बहुतांश भाग पाडण्यात आला.

१०/
राजेशाही परत आली तेव्हा मानाचे पलंगही परतले आणि आधीपेक्षा अवाढव्य झाले. अशा पलंगाची किंमत लाकडात नसे. लाकूड तर पूर्ण झाकलेले असे. पैसा जाई तो कापडात : जिनोआची मखमल, रेशीम, सोन्याचांदीच्या तारांचे भरतकाम, झालरी, गोंडे आणि छताच्या चारही कोपऱ्यांवर शहामृगाच्या पिसांचे तुरे.

११/
पलंगाच्या पडद्यांना मुळात व्यावहारिक कारण होते. फटींतून वारा शिरणाऱ्या थंड खोलीत पडदे ओढले, की आत एक उबदार छोटी खोली तयार होई. मानाच्या पलंगाने हीच सोय उचलली आणि तिचे सिंहासन केले. घरची माणसे मात्र दुसरीकडे, लहान आणि सहज गरम होणाऱ्या खोल्यांत झोपत.

१२/
असे पलंग मिळवण्याचा एक विलक्षण मार्गही होता. राजा वारला, की त्याच्या महालातील काही सामानावर विशिष्ट दरबारी अधिकाऱ्यांचा हक्क लागे. केंटमधील नोल या प्रासादात आजही दिसणारे सतराव्या शतकातील राजेशाही फर्निचर बरेचसे असेच आले. घराचा मालक, डॉर्सेटचा सहावा अर्ल, लॉर्ड चेंबरलेन होता. राजाचे वापरलेले सामान सरदाराच्या घरी पाहुण्यांच्या दालनाचे वैभव ठरले.

१३/
या साऱ्या कथेचा कळस डर्बीशायरमधील कॉल्क ॲबी येथे आहे. १७३४ साली राजा दुसऱ्या जॉर्जच्या मुलीने, राजकन्या ॲनने, आपल्या सेवेतील लेडी कॅरोलिन मॅनर्स हिला लग्नानिमित्त एक पलंग दिला, असे मानले जाते. त्याचे पडदे चिनी रेशमाचे होते. त्यांवर रंगीत धाग्यांनी पक्षी, प्राणी आणि माणसे भरलेली होती.

१४/
तो पलंग उभारला गेला नाही. बहुधा खोल्यांची छते त्याच्या उंचीला पुरली नाहीत. १९८५ साली ते घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले, तेव्हा पडदे खोक्यांत होते. अडीच शतके उजेडच न लागल्याने रंग नव्यासारखे ताजे होते. आज तो काचेआड, मंद प्रकाशात ठेवला आहे. त्याचे सौंदर्य टिकले, कारण त्याखाली कोणी झोपलेच नाही.

१५/
मग पाहुण्याला खरोखर झोप लागेल अशी खोली कशी आली? त्यातील एक धागा भारतातून गेला. मखमल जड, धूळ धरणारी आणि न धुता येणारी. सतराव्या शतकात युरोपला असे सुती कापड मिळाले, जे हलके होते, फुलापानांनी भरलेले होते आणि धुतले तरी रंग सोडत नव्हते. इंग्रजीत त्याला ‘चिंट्झ’ म्हणतात. मराठीतले ‘चीट’ ते हेच.

१६/
हे रंग टिकत ते भारतीय रंगाऱ्यांच्या रसायनज्ञानामुळे. कोरोमंडल किनाऱ्यावर कापड आधी हिरडा आणि दूध यांच्या मिश्रणात भिजवत. काळ्या रेषांसाठी लोहाचे द्रावण, लालसाठी तुरटी आणि रंग देणाऱ्या मुळ्या वापरत. निळीत बुडवण्यापूर्वी जो भाग निळा नको, त्यावर मेण चढवत. एकेका कापडामागे पुष्कळ दिवसांचे आणि अनेक हातांचे काम असे.

१७/
ग्राहकाची आवडही या व्यापाराने घडवली. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीने लंडनहून सुरतेला कळवले, की रजयांची जमीन गडद लाल नको. ती अधिक पांढरी असावी आणि फुले-फांद्या रंगीत असाव्यात. आज जी नक्षी अस्सल इंग्रजी शयनगृहाची म्हणून ओळखली जाते, तिच्या जडणघडणीत सुरतेला गेलेल्या अशा सूचनांचा आणि भारतीय कारागिरांच्या हातांचा वाटा आहे.

१८/
कापड इतके लोकप्रिय झाले, की इंग्लंडचे विणकर हवालदिल झाले. १७०१ पासून छापील भारतीय कापड देशात वापरण्यासाठी आणण्यावर बंदी आली. १७१९ साली लंडनमध्ये संतप्त विणकरांनी रस्त्यावरील स्त्रियांच्या अंगावरचे चिटाचे झगे फाडले. १७२१ च्या कायद्याने पोशाखाबरोबर घरसजावटीतही हे कापड निषिद्ध केले. शयनगृहाचे पडदे हा संसदेचा विषय बनला.

१९/
बंदी कोणालाच चुकली नाही. विख्यात नट डेव्हिड गॅरिक याने कलकत्त्यातील नाट्यशौकिनांना मदत केली होती. त्यांनी कृतज्ञतेने पाठवलेले चीट १७७५ साली जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले. गॅरिकने सरकारदरबारी विनोदी शब्दांत विनवणीचे पत्र लिहिले. त्या चिटाच्या पडद्यांसह त्याच्या घरचा पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

२०/
शेवट मात्र भारतीय कारागिराच्या बाजूने झाला नाही. १७८३ साली थॉमस बेल याने कोरीव रुळांनी कापड छापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्रावर छापलेले स्वस्त चीट मध्यमवर्गीय घरांतही पोहोचले. पाहुण्यांच्या खोलीत भारतीय नाव उरले, भारतीय हात उरले नाहीत.

२१/
दुसरा बदल रेल्वेने घडवला. १८३० नंतर लोहमार्गांचे जाळे पसरले आणि शनिवारी येऊन सोमवारी परतणे शक्य झाले. आता एक राजा नव्हे, तर वीस मित्र मुक्कामास येत. एका भव्य दालनाऐवजी अनेक मध्यम खोल्या लागू लागल्या. दारावर पितळी चौकटीत पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी, आत लिहिण्याचे मेज, कागद, शाई, मेणबत्ती, तोंड धुण्यासाठी तांब्या आणि तस्त.

२२/
ही सोय जादूने होत नसे. गरम पाण्याची भांडी मागच्या जिन्याने चढवणे, शेकोटी पेटवणे, अंघोळीचे टप भरणे आणि पुन्हा रिकामे करणे, कोळसा वर आणि राख खाली नेणे, हे सारे मोलकरणी करत. पाहुणा जागा होण्याआधी त्यांचा दिवस सुरू होई आणि तो झोपल्यावर संपे. त्यांच्या स्वतःच्या पोटमाळ्यावरील खोल्यांत बहुधा शेकोटी नसे.

२३/
तिसरा बदल आरोग्यविचाराचा. १८५९ च्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णासाठी लोखंडी पलंग, पडद्यांना पूर्ण फाटा, खिडकीचा उजेड आणि मोकळी हवा यांचा आग्रह धरला. पुढील दशकांत असाच विचार घरगुती शयनगृहांतही रुजला. जड पडदे गेले, धुता येणारे पांढरे अभ्रे आले. जे वैभव होते, ते आता धुळीचे घर ठरले.

२४/
१९२२ साली अमेरिकेत एमिली पोस्ट यांचे शिष्टाचारावरील ‘एटिकेट’ हे पुस्तक आले. त्या वास्तुविशारदाच्या कन्या होत्या. पाहुण्यांच्या खोलीबद्दल त्यांनी दिलेला सर्वांत मोलाचा सल्ला साधा होता : प्रत्येक गृहिणीने आपल्या पाहुण्यांच्या खोलीत स्वतः एक रात्र झोपून पाहावे. दिवा वाचण्याजोगा आहे का, गरजेची वस्तू हाताशी आहे का, हे दाराशी उभे राहून कळत नाही.

२५/
हॅटनच्या घरापासून या सल्ल्यापर्यंतचे अंतर सुमारे साडेतीनशे वर्षांचे आहे. पाहुणी येईपर्यंत आपण तेथे राहायचे नाही, ही हॅटनची भक्ती. पाहुणा येण्यापूर्वी आपण तेथे झोपायचेच, ही पोस्ट यांची दृष्टी. पहिल्या खोलीत यजमान स्वतःला पाहुण्याच्या नजरेत मोठा करत होता. दुसऱ्या खोलीत तो पाहुण्याच्या जागी जाऊन पाहत होता.

२६/
म्हणून जुन्या वास्तूत मानाचा पलंग दिसला, की त्याची किंमत विचारून थांबू नये. त्यावर कोण झोपले, कापड कोणी रंगवले आणि पाणी कोणी वाहून आणले, हेही विचारावे. होल्डन्बीच्या बागेत १५८३ साल कोरलेल्या दोन कमानी आजही उभ्या आहेत. राणीच्या स्वागतासाठी उभारलेल्या त्या घराचे आता थोडेसेच अवशेष उरले आहेत.

(धागा समाप्त)